झाडावरचं हॉटेल आणि शिडीपाशी बसलेला म्हातारा

गेल्या वर्षी सबमिशन संपल्यावर आमच्या ग्रुपने एका तलावाकाठी 'ग्लॅम्पिंग' केलं. ज्यांना हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी: ग्लॅमर अधिक कॅम्पिंग म्हणजे ग्लॅम्पिंग. तंबू असतो, पण आत पलंग, गादी, दिवा, पंखा आणि मागच्या बाजूला टॉयलेट. तंबूच्या जागी कधी लाकडी खोली, कधी घुमटाकार डोम, तर कधी झाडावरचं घर. म्हणजे निसर्गात राहायचं, पण पाठ दुखू द्यायची नाही! रात्री कसलासा आवाज झाला आणि आम्ही सहा शूरवीर चेन लावून आतच बसलो. बाहेर एक गावकरी काका शेकोटीपाशी काठी घेऊन जागे होते. सकाळी चहा पिताना त्यांनी सांगितलं, रानडुक्कर होतं, हाकललं.

हॉस्टेलवर परत आल्यावर लायब्ररीतून जिम कॉर्बेट वाचायला घेतला. शाळेत असताना वाघांच्या गोष्टी म्हणून वाचला होता. या वेळी मला प्रत्येक पानावर एकच प्रश्न पडत होता, हा माणूस रात्री झोपायचा कुठे?

एडवर्ड जेम्स कॉर्बेटचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथले पोस्टमास्तर. जिम जेमतेम सहा वर्षांचा असताना ते वारले आणि मोठं कुटुंब आईच्या अंगावर पडलं. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा खाली भाबरच्या जंगलाला लागून असलेल्या कालाढुंगीला, असा या घराचा दरवर्षीचा क्रम. जिमचं खरं कॉलेज म्हणजे कालाढुंगी. हातात एक मोडकी ठासणीची बंदूक. तिची एक नळी फुटलेली आणि दस्ता पितळी तारेने बांधलेला. ही बंदूक घेऊन पोरगं जंगलात भटकायचं आणि जिथे रात्र होईल तिथेच छोटी शेकोटी करून आडवं व्हायचं. रात्री वाघाच्या आवाजाने जाग आली तर आगीत आणखी एक लाकूड सरकवायचं आणि पुन्हा झोपायचं. ना तंबू, ना पलंग. लहानपणीच त्याला एक गोष्ट कळली होती, की त्रास दिला नाही तर वाघ आपल्या वाटेला जात नाही. एवढी एक माहिती असली की उघड्यावरही झोप लागते. आम्हाला ती नव्हती, म्हणून चेन लावावी लागली.

डिग्री वगैरे त्याच्या नशिबात नव्हती. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे विशीच्या आतच तो रेल्वेत लागला. पहिलं काम इंजिनांच्या इंधनासाठी जंगलातून लाकूड तोडून घेण्याचं. जंगलावर जीव असलेल्या पोराला नोकरी कसली मिळाली, तर जंगल तोडायची! पुढे बिहारमध्ये गंगेकाठच्या मोकामा घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचं कंत्राट त्याने घेतलं. नदीच्या एका बाजूला ब्रॉडगेज, दुसऱ्या बाजूला मीटरगेज आणि मध्ये पूल नाही. सगळा माल हाताने उतरवायचा, बोटीतून पलीकडे न्यायचा आणि पुन्हा डब्यात भरायचा. वर्षाला सुमारे ५ लाख टन! क्रेन नाही, कन्व्हेयर नाही. मेकॅनिकलवाल्यांनी जरा कल्पना करून पाहावी. मजुरांच्या बरोबरीने ओझी उचलत त्याने तिथे वीस-एक वर्षं काढली. नरभक्षकांच्या मागे तो जायचा तो या नोकरीतून सुट्टी काढून, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पहिला नरभक्षक १९०७ सालचा, चंपावतची वाघीण. तिने नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ माणसं मारली होती. कॉर्बेटने सरकारला दोन अटी घातल्या. तिच्यावरचं बक्षीस रद्द करा आणि बाकीचे शिकारी परत बोलवा. बक्षिसासाठी मारणारा म्हणून त्याला ओळखलं जायचं नव्हतं. पाली नावाच्या गावात पोचला तर लोक कित्येक दिवस दारं बंद करून आत बसलेले. रात्री हा पठ्ठ्या गावाबाहेर रस्त्याकडेला एका झाडाला पाठ लावून बसला. चांदण्यात प्रत्येक सावली वाघीण वाटू लागली. थंडीने आणि भीतीने दात वाजत होते, हे त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवलं आहे. सकाळी माणसं आली तेव्हा हा गुडघ्यांवर डोकं टेकून गाढ झोपलेला! कॉर्बेट मला आवडतो तो इथे. घाबरलो होतो हे तो लपवत नाही. (आमच्या तंबूतल्या सहापैकी एकानेही अजून कबूल केलेलं नाही.)

पण 'निसर्गात मुक्काम' हा विषय खऱ्या अर्थाने जीवघेणा झाला तो रुद्रप्रयागला. केदारनाथ-बद्रिनाथच्या वाटेवर तेव्हा यात्रेकरूंसाठी चट्ट्या असत. चट्टी म्हणजे गवताने शाकारलेलं छप्पर, बहुतेकांना दार नाही. दिवसभर चालून थकलेले हजारो लोक अशा ठिकाणी ओळीने झोपायचे. १९१८ ते १९२६ या काळात एका बिबट्याने या परिसरात १२५ माणसं उचलली. आठ वर्षं या वाटेवर अंधार पडल्यावर कोणी बाहेर पडत नव्हतं. आज आपण पैसे देऊन उघड्या आकाशाखाली झोपायला जातो. त्या लोकांना एक दार मिळालं असतं तरी ते जगले असते.

अलकनंदेवर रुद्रप्रयागचा झुलता पूल होता. बिबट्या नदी ओलांडायला हाच पूल वापरणार, असं कॉर्बेटने ताडलं. पुलाच्या टोकाला वीस फूट उंच मनोरा. त्याच्या उघड्या माथ्यावर तो ओळीने वीस रात्री बसला. वर छप्पर नाही, टेकायला काही नाही. नदीच्या खोऱ्यातून सुसाट वारा आणि कपड्यांत शिरून चावणाऱ्या मुंग्या. वीस रात्रींत पुलावरून गेला कोण, तर एक कोल्हा! व्हायव्हाला रात्रभर जागून बसावं आणि सरांनी फक्त नाव विचारून पाठवावं, त्यातला प्रकार. शेवटी मे १९२६ मध्ये गुलाबराय इथल्या चट्टीजवळच्या आंब्याच्या झाडावर बसून त्याने तो बिबट्या मारला. जवळ जाऊन पाहतो तर एक म्हातारं जनावर. त्याने निसर्गाचा कुठलाही नियम मोडला नव्हता, गुन्हा केला होता तो फक्त माणसाचा, असं काहीसं त्याच्या मनात आलं.

इथून पुढे त्याची बंदूक हळूहळू मागे पडत गेली आणि हातात सिनेकॅमेरा आला. १९३८ च्या हिवाळ्यात त्याला वाघांचं जवळून चित्रण करायचं होतं, पण कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ निघून जायचे. त्याने काय केलं, तर जंगलातल्या एका छोट्या ओढ्यावर ओळीने लहान-लहान बांध घातले. पाणी बांधांवरून खळखळत पडायला लागलं आणि त्या आवाजात कॅमेऱ्याचा आवाज बुडून गेला. नॉइज मास्किंगचं याहून स्वस्त प्रोजेक्ट दाखवा! एकाच जागेवरून त्याने सात वाघ टिपले. त्याआधी १९३६ मध्ये भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, हेली नॅशनल पार्क, उभं राहण्यात त्याचा मोठा हात होता.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर हे देवाचं चरित्र होईल. याच काळात व्हाइसरॉय लिनलिथगो शिकारीला येत आणि कालाढुंगीच्या त्या शिकारीची व्यवस्था कॉर्बेट बघायचा. साहेबी थाटाचे हे कॅम्प म्हणजे त्या काळचं ग्लॅम्पिंगच, फक्त सकाळच्या कार्यक्रमात फोटोच्या जागी गोळी. एका हाताने वाघ वाचवायचा आणि दुसऱ्या हाताने पाहुण्यांना वाघ दाखवून मारू द्यायचा. मला हे पटत नाही. त्याला कितपत पटत होतं कोणास ठाऊक.

दुसऱ्या महायुद्धात, साठी ओलांडल्यावर, त्याने सैनिकांना जंगलात राहायला शिकवलं. ही जागा होती छिंदवाडा, म्हणजे आपल्या नागपूरच्या उत्तरेला. पाणी कुठे शोधायचं, कुठलं पान खायचं, कुठला आवाज कोणाचा. ज्याला हे येतं त्याला जंगल घरासारखं, असा सगळा अभ्यासक्रम. १९४४ मध्ये 'मॅनईटर्स ऑफ कुमाऊं' आलं आणि तो जगभर पोचला.

१९४७ अखेर जिम आणि त्याची बहीण मॅगी भारत सोडून केनियाला गेले. दोघंही अविवाहित. कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी हे गाव त्याने वसवलं होतं. तिथली जमीन तो कसणाऱ्यांकडेच सोडून गेला. केनियात न्येरी गावी आउटस्पॅन हॉटेलच्या आवारातल्या 'पॅक्सटू' नावाच्या कॉटेजमध्ये दोघं राहिले. हे कॉटेज स्काउटवाल्या बेडन-पॉवेलसाठी बांधलेलं.

याच हॉटेलच्या मालकाने, एरिक शेरब्रुक वॉकर याने, १९३२ मध्ये ॲबरडेअरच्या जंगलात एका जुन्या प्रचंड अंजिराच्या जातीच्या झाडावर दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. नाव ट्रीटॉप्स. समोर पाणवठा आणि खारी माती, ती चाटायला हत्ती, गेंडे, रानरेडे येणार. पाहुण्यांनी दुपारी बंदूकधारी माणसाबरोबर चालत यायचं, शिडी चढायची आणि सकाळपर्यंत खाली उतरायचं नाही. वर गरम जेवण, बिछाना, गॅलरीत खुर्च्या. प्राण्यांना पिंजऱ्यात न घालता माणसांनाच वर कोंडायचं, ही कल्पना मला भन्नाट वाटते. आज झाडावरच्या घराची जी जाहिरात आपण पाहतो, तिचा हा पणजोबा.

५ फेब्रुवारी १९५२ ला इथे राजकन्या एलिझाबेथ आणि तिचा नवरा फिलिप मुक्कामाला आले. त्यांच्यासाठी घर वाढवलं होतं, भक्कम केलं होतं. दुपारी चालत येतानाच झाडाच्या आसपास हत्तींचा मोठा कळप उभा होता. राजकन्या न थांबता शिडीपर्यंत आली आणि वर चढली, याचं कॉर्बेटला फार कौतुक. संध्याकाळभर तिने हत्तींचं चित्रण केलं, त्याच्याशी गप्पा मारल्या. मग सगळे झोपले आणि ७६ वर्षांचा कॉर्बेट तीस फुटी शिडीच्या वरच्या टोकाशी बंदूक घेऊन बसला. पालीच्या रस्त्यावर बसला होता तसाच, रुद्रप्रयागच्या मनोऱ्यावर बसला होता तसाच. फरक एवढाच, की या वेळी पाठीमागे दाराआड कोणीतरी गादीवर शांत झोपलं होतं. त्याच रात्री इंग्लंडमध्ये सहावे जॉर्ज वारले. राजकन्या शिडी चढली आणि राणी होऊन उतरली, पण उतरताना ते तिलाही माहीत नव्हतं आणि शिडी राखणाऱ्यालाही. बातमी पोचली ती दुपारनंतर. ट्रीटॉप्सच्या नोंदवहीत त्याने मग त्या रात्रीची नोंद केली, ती पुढे जगभर गाजली.

२७ मे १९५४ ला माउ माउ बंडखोरांनी ट्रीटॉप्स जाळलं. कॉर्बेटने त्या एका रात्रीवर छोटं पुस्तक लिहून पुरं केलं आणि १९ एप्रिल १९५५ ला न्येरीतच तो वारला. पुस्तक त्याच्यामागे आलं. पुढे भारतात हेली पार्कला त्याचं नाव मिळालं, आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पाची सुरुवात तिथूनच झाली.

आज रामनगरहून कोसी नदीच्या काठाने वर गेलं की रिसॉर्टमागून रिसॉर्ट लागतात. हत्ती आणि वाघ पाण्यासाठी आणि पलीकडच्या जंगलात जाण्यासाठी हीच नदी ओलांडतात. जायचं असेल तर जरूर जा. बुकिंग करताना एसी आहे का हे विचारताना आणखी दोन गोष्टी विचारा: कुंपण जनावरांच्या वाटेवर आहे का, आणि रात्री बाहेर जागं कोण असतं. आमच्या त्या काकांचं नाव आम्ही सहापैकी कोणीच विचारलं नव्हतं. पुढच्या सुट्टीत जाऊ तेव्हा आधी तेच विचारणार आहे.