कै. भास्कर रामचंद्र भागवत

राजपुत्र पाताळात उतरतो, चंद्रलोकी जातो, समुद्राच्या तळाशी महालात राहतो. अशा गोष्टी आपण सर्वांनी आजीपाशी बसून ऐकल्या आहेत. त्यांतील सारा प्रवास मंत्राच्या बळावर चाले. तोच प्रवास होकायंत्र, विजेचा दिवा आणि गणित यांच्या बळावर कसा होईल, हे ज्यांनी मराठी मुलांस रसाळपणे सांगितले, त्या भा. रा. भागवत यांचे अल्पचरित्र आम्ही येथे देत आहो.

भागवतांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूर येथे झाला. तरुणपणी त्यांनी काही काळ दिल्लीस आकाशवाणीवर काम केले. १९४२ च्या चळवळीत त्यांस कारावास घडला. पुढे १९५१ साली त्यांनी ‘बालमित्र’ हे मासिक काढले. ते फार वर्षे चालले नाही. मुलांचे मासिक चालविणे किती कष्टाचे, हे ज्यांनी शाळेचा एखादा वार्षिक अंक तरी छापून घेतला आहे त्यांस सांगावयास नको! त्यांच्या पत्नी लीलावतीबाई याही मुलांसाठीच लिहीत.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच ग्रंथकाराच्या विज्ञानकथा भागवतांनी मराठीत आणिल्या. १८७० साली पुस्तकरूपाने पुरी झालेली त्याची सागरकथा त्यांनी ‘समुद्रसैतान’ या नावाने दिली. या नावातच त्यांची हातोटी दिसते. कथेच्या प्रारंभी खलाशांस वाटते की समुद्रात एखादा अक्राळविक्राळ राक्षस संचार करीत आहे. शोध घेता तो राक्षस नसून विजेवर चालणारी पाणबुडी निघते. परीकथेतला दैत्य येथे यंत्र होतो. आणि त्या यंत्राचा धनी कोण? व्हर्नने पुढल्या एका कादंबरीत उलगडा केला आहे की, तो कप्तान निमो म्हणजे १८५७ च्या युद्धात लढलेला बुंदेलखंडचा राजपुत्र होय. म्हणजे गोष्टीतला राजपुत्र अखेर आपल्याच देशाचा निघाला!

मार्गासनीच्या आसमंतातील मुलांस तोरण्याच्या पोटी सापडलेल्या धनाची कथा ठाऊक असतेच. त्यांनी ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ अवश्य वाचावी. आइसलंडातील एका निद्रिस्त ज्वालामुखीच्या मुखातून तिघेजण भूगर्भात उतरतात, ती ही कथा. पृथ्वीचे पोट असे पोकळ नाही, हे भूगोलाचे शिक्षक सांगतीलच. ‘चंद्रावर स्वारी’चेही तसेच. तोफेतून उडविलेल्या गोळ्यातील माणसे पहिल्याच धक्क्यास चिरडतील, हे खरे. परंतु तो गोळा फ्लॉरिडातून तिघांस घेऊन निघाला, आणि १९६९ साली चंद्राकडे गेलेले तीन वीरही फ्लॉरिडातूनच निघाले, हे वाचून कोणास नवल वाटणार नाही?

ही सारी उसनवारी, असे कोणी म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. अशा कथा मराठी मुलाच्या तोंडी बसतील अशा भाषेत सांगणे, यास निराळीच प्रतिभा लागते. शिवाय ‘उडती छबकडी’ ही त्यांची स्वतंत्र विज्ञानकथा आहेच. आणि फुरसुंगीहून पुण्यास विद्याभवनात शिकावयास आलेला, सडपातळ, चपळ, संकटात हटकून सापडणारा बनेश फेणे, तो तर सर्वस्वी त्यांचाच!

२७ ऑक्टोबर २००१ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, भागवत निवर्तले. त्यांचा ‘फास्टर फेणे’ १९८७ साली दूरदर्शनवर आला होता; २०१७ साली त्याच्यावर बोलपटही निघाला. त्या बोलपटात फेण्याबरोबर एक वृद्ध लेखक वावरतो. त्याचे नाव भा. रा. भागवत.