खिळे घासणाऱ्या पोराने संस्कृत ग्रंथ घराघरांत पोहोचवले, ते जावजी दादाजी

जुन्या संस्कृत पुस्तकांचं पहिलं पान उघडलं की एक नाव हमखास भेटतं. निर्णयसागर छापखाना, मुंबई. हा छापखाना काढणारा माणूस कुणी मोठा पंडित असेल असं वाटतं. पण जावजी दादाजी चौधरी यांना धड शाळाही मिळाली नव्हती.

जावजींचा जन्म 1839 सालचा. घरात गरिबी. वयाच्या दहाव्या वर्षी ते मुंबईतल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. काम होतं खिळे, म्हणजे छपाईचे टाइप, घासून साफ करायचं. पगार महिना दोन रुपये.

तिथे टॉमस ग्रॅहम देवनागरी टाइप घडवायचे. हे काम सोपं नव्हतं. काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि वर ढिगानं जोडाक्षरं. एक खिळा जरी नीट बसला नाही तरी अक्षर तुटायचं. संस्कृतमध्ये तर त्यामुळे अर्थच बदलायचा.

जावजी आणि त्यांचे सोबती राणोजी रावजी आरू यांनी ही कला तिथेच आत्मसात केली. 1864 मध्ये जावजींनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली. आरूंच्या हातचे टाइप इतके सुबक होते की दुसरे छापखानेही ते विकत घेऊ लागले.

नुसते खिळे विकूनही धंदा चालला असता. पण 1869 मध्ये जावजींनी स्वतःचा निर्णयसागर छापखाना सुरू केला.

त्या काळी कितीतरी संस्कृत ग्रंथ हस्तलिखितांतच अडकून होते. पोथी ज्याच्या घरी, ग्रंथ त्याचाच. जावजींनी शास्त्री-पंडितांना हाताशी धरलं, पाठ तपासून घेतले आणि ग्रंथ छापले. 1886 मध्ये जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली काव्यमाला सुरू झाली. तिच्यातून अनेक दुर्मिळ काव्यं पहिल्यांदाच छापून आली. विनायक कोंडदेव ओक यांचं मुलांसाठीचं बालबोध मासिकही निर्णयसागरचंच.

1892 मध्ये जावजी गेले. पुढे मुलगा तुकाराम जावजी यांनी काम सांभाळलं.

खिळ्यांचा जमाना संपला, छपाई कॉम्प्युटरवर आली. तरी आजही संस्कृतचे अभ्यासक निर्णयसागरची प्रत शोधतात. दोन रुपयांवर खिळे घासणाऱ्या पोराला एक गोष्ट नेमकी कळली होती, आधी अक्षर शुद्ध पाहिजे, मग ग्रंथ.