ज्ञानाच्या सीमा आणि डेव्हिड हिल्बर्ट

मनुष्यजातीला जाणण्याजोगे जे जे आहे ते सर्व कधी काळी जाणता येईल काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र तो शास्त्रज्ञांच्या सभेत उपस्थित झाला आणि त्याला निराळीच धार आली. १८७२ साली लाइपझिग येथे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व वैद्य यांच्या परिषदेत बर्लिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमों यांनी मानवी ज्ञानाला कायमच्या सीमा असल्याचे प्रतिपादन केले. द्रव्य आणि प्रेरणा यांचे अंतिम स्वरूप काय, आणि जड मेंदूतून संवेदना कशी उद्भवते, या गोष्टी मानवाला आज कळत नाहीत आणि पुढेही कधी कळणार नाहीत, असा त्यांचा निर्णय होता. विज्ञानाची घोडदौड चालू असताना एका मान्यवर वैज्ञानिकानेच असा निर्वाळा द्यावा, याने मोठा वाद माजला. या निराशेविरुद्ध सर्वांत निश्चयाने जे उभे राहिले ते डेव्हिड हिल्बर्ट हे गणितज्ञ होत. त्यांचे आयुष्य म्हणजे या प्रश्नाचीच एक दीर्घ परीक्षा होती. तिचा निकाल त्यांच्या अपेक्षेप्रमाणे लागला नाही आणि त्यांच्या प्रतिपक्षाच्या अपेक्षेप्रमाणेही लागला नाही.

हिल्बर्ट यांचा जन्म २३ जानेवारी १८६२ रोजी पूर्व प्रशियात झाला आणि ते कोनिग्सबर्ग येथे वाढले. ही कांटची नगरी. मानवी बुद्धी कोठपर्यंत पोहोचू शकते याची सर्वांत कसोशीने चिकित्सा ज्या तत्त्वज्ञाने केली, त्याच्याच गावात बुद्धीच्या सीमा नाकारणारा हा गणिती तयार झाला. वडील न्यायाधीश होते. आईला तत्त्वज्ञान, खगोलशास्त्र आणि मूळ संख्या यांची आवड होती. पाठांतरावर भर देणाऱ्या शाळेत हा मुलगा चमकला नाही. विद्यापीठात मात्र त्याला हेरमान मिंकोव्स्की हा मित्र लाभला. अवघ्या अठराव्या वर्षी मिंकोव्स्की यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे मोठे पारितोषिक मिळविले होते. पुढे अडॉल्फ हुरविट्झ हे तरुण अध्यापक तेथे आले. रोज सायंकाळी पाच वाजता हे तिघे फिरावयास निघत आणि गणिताचा एकेक प्रांत पायांखाली घालीत. हिल्बर्ट यांचे खरे शिक्षण या रपेटींत झाले.

१८८८ साली हिल्बर्ट यांनी जो प्रश्न सोडविला त्यातच त्यांच्या वृत्तीचे बीज दिसते. बीजगणितात अशा काही राशी असतात की, समीकरणांतील चलांचे रूपांतर केले तरी त्या बदलत नाहीत. अशा सर्व राशी मोजक्याच मूळ राशींपासून उभारता येतात काय, असा प्रश्न होता. पाउल गोर्डान यांनी दोन चलांच्या बाबतीत १८६८ मध्ये त्याचे होकारार्थी उत्तर प्रचंड आकडेमोड करून दिले होते. त्यापुढे वाट खुंटली होती. हिल्बर्ट यांनी आकडेमोड बाजूस सारली. अशा मूळ राशी नसत्या तर विसंगती उद्भवली असती, म्हणून त्या असल्याच पाहिजेत, एवढेच त्यांनी सिद्ध केले. एकही राशी प्रत्यक्ष काढून दाखविली नाही. हे गणित नसून ईश्वरशास्त्र आहे, असे गोर्डान उद्गारल्याचे सांगतात. १८९३ मध्ये हिल्बर्ट यांनी त्या राशी शोधण्याची वाटही दाखविली. परंतु एखाद्या प्रश्नाला उत्तर आहे हे जाणणे आणि ते उत्तर हाती येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा धडा गणिताने यातून घेतला. पहिलीचा भरवसा असेल तर दुसरीसाठी कष्ट करता येतात, असे हिल्बर्ट मानीत.

फेलिक्स क्लाईन यांच्या प्रयत्नाने १८९५ साली हिल्बर्ट गॉटिंगेन विद्यापीठात आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. भूमितीच्या पायाभूत गृहीतकांची फेरमांडणी करणारा त्यांचा ग्रंथ १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी ८ ऑगस्ट १९०० रोजी पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत त्यांनी नव्या शतकापुढील प्रश्न मांडले. छापील निबंधात असे तेवीस प्रश्न होते. व्याख्यानात वेळेअभावी दहाच आले. गतकालातील पराक्रमांचा आढावा घेण्याऐवजी आपल्याला काय येत नाही याची यादी देणे, हेच त्या भाषणाचे वैशिष्ट्य होते. परंतु तिच्यामागील श्रद्धा त्यांनी लपविली नाही. नेमकेपणाने मांडलेल्या प्रत्येक गणिती प्रश्नाचा निकाल लागलाच पाहिजे, मग तो उत्तराच्या रूपाने लागो वा उत्तर अशक्य असल्याच्या सिद्धतेच्या रूपाने लागो, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या मते, गणितात कायमचे अज्ञान नाही.

या श्रद्धेला पहिला हादरा लवकरच बसला. संच सिद्धांतात रसेल यांना एक विसंगती आढळली आणि गणिताच्या पायाविषयीच शंका उत्पन्न झाली. ॲमस्टरडॅमचे ब्राउवर तर म्हणू लागले की, प्रत्यक्ष उभारून दाखविता येईल तेवढेच गणित खरे. विधान खरे तरी असते वा खोटे तरी, हा नियम अनंत संचांना सरसकट लावता येत नाही. हे मान्य केले असते तर हिल्बर्ट यांच्या १८८८ च्या सिद्धतेवरही पाणी सोडावे लागले असते. म्हणून १९२० नंतर त्यांनी एक मोठी योजना आखली. सर्व गणित मोजक्या गृहीतकांवर आणि अनुमानाच्या नियमांवर उभे करावे, आणि या व्यवस्थेतून परस्परविरोधी निष्कर्ष कधीच निघणार नाहीत, हे निर्विवाद साधनांनी सिद्ध करावे. वादाच्या भरात त्यांच्या हातून एक अनुदार कृत्यही घडले. १९२८ मध्ये गणिताच्या एका प्रमुख जर्मन नियतकालिकाच्या संपादक मंडळातून त्यांनी ब्राउवर यांना दूर केले. त्या वेळी ते गंभीर आजारी होते, हे खरे. पण ज्या वादाचा निकाल सिद्धतेने लागावयाचा तो अधिकाराने लावण्याचा मोह त्यांनाही आवरला नाही, याची नोंद करावीच लागते.

एरवी त्यांचे सार्वजनिक वर्तन याच्या अगदी उलट होते. १९१४ च्या ऑक्टोबरात त्र्याण्णव जर्मन नामवंतांनी बेल्जियममधील अत्याचारांचे आरोप नाकारणारे पत्रक काढले. त्यातील विधाने खरी आहेत की नाहीत हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून हिल्बर्ट यांनी सही केली नाही. युद्ध चालू असताना, १९१७ मध्ये, दार्बू या फ्रेंच गणितज्ञावर त्यांनी मृत्युलेख लिहिला. विद्यार्थ्यांचा जमाव घरावर आला तरी तो मागे घेतला नाही. एमी नोएथर या असामान्य विदुषीला केवळ स्त्री म्हणून अध्यापनाचा अधिकार नाकारला गेला, तेव्हा विद्यापीठ म्हणजे स्नानगृह नव्हे असे त्यांनी सहकाऱ्यांना सुनावले, आणि तिची व्याख्याने आपल्या नावावर जाहीर करून चालू ठेवली. १९१९ साली तिला तो अधिकार मिळाला. महायुद्धानंतरच्या दोन गणित परिषदांतून जर्मनांना वगळण्यात आले होते. १९२८ च्या बोलोन्या परिषदेचे निमंत्रण आले तेव्हा त्यावर बहिष्कार घालावा असे काही जर्मन म्हणत होते. हिल्बर्ट आजारी असतानाही सदुसष्ट जर्मन गणितज्ञांसह तेथे गेले. गणिताला वंश आणि देश यांच्या सीमा ठाऊक नाहीत, असे त्यांनी तेथे बजावले.

१९३० साली ते निवृत्त झाले आणि कोनिग्सबर्गने आपल्या या सुपुत्राला सन्माननीय नागरिकत्व दिले. ८ सप्टेंबर रोजी त्याच निसर्गशास्त्रज्ञ व वैद्य यांच्या परिषदेपुढे, जिच्यापुढे अठ्ठावन्न वर्षांपूर्वी द्यु ब्वा-रेमों बोलले होते, हिल्बर्ट यांनी त्यांना उत्तर दिले. न सुटणारा प्रश्न मुळी नाहीच, असा त्यांचा आशय होता. त्याचा सारांश नभोवाणीवरून प्रसृत झाला. परंतु आदल्याच दिवशी, त्याच शहरात भरलेल्या एका छोट्या परिषदेच्या चर्चेत, कुर्ट गोडेल या चोवीस वर्षांच्या तरुणाने शांतपणे एक निष्कर्ष सांगून टाकला होता. उपस्थितांपैकी जॉन फॉन नॉयमान यांच्याखेरीज त्याचे मर्म फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही. १९३१ मध्ये गोडेल यांची सिद्धता प्रसिद्ध झाली. साध्या अंकगणिताला पुरेल अशी कोणतीही सुसंगत, नियमबद्ध व्यवस्था घेतली, तर तिच्या साधनांनी जे सिद्धही होत नाही आणि खोडलेही जात नाही, असे विधान तिच्यात असतेच. इतकेच नव्हे, तर अशा व्यवस्थेला आपली सुसंगती आपल्याच साधनांनी सिद्ध करता येत नाही. हिल्बर्ट यांची योजना मूळ स्वरूपात अशक्य ठरली. ते प्रथम संतापले. पुढे त्यांनी हे सत्य पचविण्याचा प्रयत्न केला.

मग द्यु ब्वा-रेमों जिंकले काय? तसे म्हणता येत नाही. त्यांनी सांगितलेली सीमा ही एका विद्वानाची धारणा होती. गोडेल यांनी दाखविलेली सीमा हे प्रमेय आहे. आपण काय सिद्ध करू शकत नाही हे सिद्ध करणे, हाही ज्ञानाचाच विजय होय, आणि तो हिल्बर्ट यांनी घडविलेल्या साधनांनीच मिळाला. १९३६ मध्ये चर्च आणि ट्युरिंग यांनी स्वतंत्रपणे दाखविले की, कोणत्याही तार्किक विधानाचा निकाल लावणारी सर्वसाधारण यांत्रिक रीत असू शकत नाही. हे दाखविताना ट्युरिंग यांनी जे काल्पनिक यंत्र रचले, त्यात आजच्या संगणकाची कल्पना साकारली होती. पॅरिसच्या यादीतील पहिला प्रश्न अनंतांविषयी होता: पूर्णांकांची अनंतता आणि रेषेवरील बिंदूंची अनंतता यांच्या दरम्यान आणखी एखादी आहे काय? गोडेल यांनी १९३८ मध्ये आणि पॉल कोहेन यांनी १९६३ मध्ये जे दाखविले त्यावरून, प्रचलित गृहीतकांनी त्याचा निकाल कोणत्याही बाजूने लागत नाही, हे निश्चित झाले. समीकरणाला पूर्णांकांत उत्तर आहे की नाही हे ठरविणारी सार्वत्रिक रीत मागणारा दहावा प्रश्न १९७० मध्ये संपला. अशी रीत नाही, हे सोव्हिएत युनियनच्या युरी मातियासेविच यांनी डेव्हिस, पटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन या अमेरिकनांच्या कामावर शेवटचा चिरा बसवून सिद्ध केले. नवी गृहीतके स्वीकारून एखादा अनिर्णित प्रश्न सोडविता येतो. परंतु त्या नव्या व्यवस्थेतही नवे अनिर्णित प्रश्न उरतातच. म्हणजे सर्वज्ञता नाही. पण काम संपण्याची भीतीही नाही.

ज्या सीमेने गॉटिंगेनचे गणित खरोखर थांबविले ती निराळीच होती. ७ एप्रिल १९३३ रोजी नाझी सरकारने ज्यू आणि राजकीयदृष्ट्या नकोशा व्यक्तींना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा केला. त्या महिनाअखेरपर्यंत कूरांट, नोएथर आणि पदार्थवैज्ञानिक माक्स बोर्न यांना घरी बसविण्यात आले. जेम्स फ्रांक यांनी निषेधार्थ राजीनामा दिला. हिल्बर्ट यांच्या आसनावर आलेले त्यांचे शिष्य हेरमान वाईल यांची पत्नी ज्यू वंशाची होती. ते अमेरिकेला गेले. नोव्हेंबरात विद्यार्थ्यांनी लांडाऊ यांच्या वर्गावर बहिष्कार घातला. त्यांचा पुढारी टाइखम्युलर स्वतः प्रतिभावान गणिती होता. १९४३ मध्ये तो पूर्व आघाडीवर नाहीसा झाला. हिल्बर्ट यांचे पहिले संशोधक विद्यार्थी ब्लूमेन्टाल यांचा १९४४ मध्ये टेरेझिनच्या छळछावणीत अंत झाला. १९३४ मध्ये एका मेजवानीत शिक्षणमंत्री रुस्ट यांनी, ज्यूंच्या जाण्याने गॉटिंगेनच्या गणिताची हानी झाली काय, असे विचारले, तेव्हा वृद्ध हिल्बर्ट यांनी तेथे आता गणित उरलेलेच नाही असे उत्तर दिल्याचे सांगतात. १४ फेब्रुवारी १९४३ रोजी ते वारले. अंत्ययात्रेला जेमतेम दहाबारा माणसे होती. त्यांच्या थडग्यावर मात्र कोनिग्सबर्गच्या भाषणातील आशावादच कोरलेला आहे.

सर्व काही जाणता येईल हा हिल्बर्ट यांचा विश्वास तर्काच्या कसोटीवर टिकला नाही, म्हणून तो व्यर्थ ठरत नाही. ज्ञानाला सीमा असतील. पण त्या शोधातूनच कळल्या पाहिजेत. एखाद्या विद्वानाच्या निर्वाळ्याने त्या आधीच ठरविता येत नाहीत, मग सरकारी हुकमाने तर नाहीच नाही. गोडेल यांच्या प्रमेयाने गणिताचा एकही वर्ग बंद पडला नाही; एका सरकारी कायद्याने गॉटिंगेनचे वर्ग काही महिन्यांत ओस पडले. मानवाला सर्व काही कळेल काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थीच आहे. परंतु जे कळू शकते तेही कळू न देणारी माणसे प्रत्येक काळात असतात, आणि त्यांना आवरणे तर्कशास्त्राच्या हाती नसून समाजाच्या हाती असते.