बाळंतपणाचा भार कोणी सोसावयाचा?

प्रसूतिरजेवरून परतलेल्या स्त्रीची वेतनवाढ अडते, बढतीच्या यादीत तिचे नाव खाली सरकते, आणि विचारणा केल्यास कामात पडलेल्या खंडाकडे बोट दाखवले जाते. या अन्यायामागील हिशेब आपल्याकडे फार पूर्वी एका अर्थशास्त्रज्ञाने मांडला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेचे शिल्पकार म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत होते, हे मात्र आम्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकांनाही क्वचितच आठवते.

१८९१ साली महू येथे जन्मलेल्या भीमरावांना आईचे छत्र बालपणीच अंतरले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आल्यावरही १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत त्यांना जातीपायी राहावयास जागा मिळेना. पात्रता असूनही डावलले जाणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. १९२३ साली लंडनची डी.एस्सी. मिळाली. घरी मात्र रमाबाईंच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत जगले. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतिकाळात भत्ता देणारे विधेयक मुंबई विधिमंडळापुढे आले. उद्योगावर बोजा पडेल, हा विरोधकांचा आक्षेप होता. बाबासाहेबांनी तो भावनेने नव्हे, हिशेबाने खोडला. मातेची विश्रांती राष्ट्राच्या हिताची असल्याने तिच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. परंतु मालक स्त्रियांना कामावर घेतो तो उपकार म्हणून नव्हे. पुरुषांच्या तुलनेने त्यांच्याकडून त्याला अधिक लाभ होतो म्हणून. तेव्हा काही भार त्यानेही सोसणे न्याय्यच ठरते. १९२९ साली कायदा झाला. पण त्यात सरकारचा वाटा नव्हता, सारी देणी मालकाच्याच माथी आली.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. खाणींतील स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याची दुरुस्ती त्यांनी १९४३ साली मांडली. त्याच वर्षी युद्धासाठी कोळसा हवा म्हणून स्त्रियांच्या भूमिगत कामावरील बंदी उठवण्यात आली. या निर्णयाचे समर्थन करणे कठीण आहे. १९४४ साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात तो निर्णय राखताना, या स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन मिळते याकडे लक्ष वेधले. आदारकरांचा आरोग्यविम्याचा अहवालही त्यांच्याच कारकीर्दीतला. त्यातून १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा आला आणि वर्गणीच्या निधीतून प्रसूतिलाभ देण्याची वाट खुली झाली.

बाबासाहेब १९५६ साली गेले. १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा आणि २०१७ सालची बारांवरून सव्वीस आठवड्यांची वाढ ही त्यानंतरची. विम्याच्या कक्षेबाहेरील स्त्रीचे सव्वीस आठवड्यांचे वेतन मालकानेच द्यावयाचे, ही रचना मात्र १९२९ चीच राहिली. रजेच्या काळात तिला काढता येत नाही, तिच्या सेवाशर्ती बिघडवता येत नाहीत. परंतु वर्षभराने गुणवत्तेच्या नावाखाली नाकारलेली बढती सिद्ध कशी करावयाची? खर्च एकट्यावर पडला की मालक तो कोठून तरी वसूल करतो, आणि तिच्या वेतनवाढीइतके सोपे ठिकाण दुसरे नसते. सरकारी वाट्याची भाषा श्रम मंत्रालयाने केली ती २०१८ साली, बाबासाहेबांच्या त्या भाषणानंतर नव्वद वर्षांनी. ठराविक वेतनमर्यादेखालील स्त्रियांपुरते सात आठवड्यांचे वेतन मालकांना परत देण्याची योजना विचाराधीन असल्याचे तेव्हा जाहीर झाले.