शास्त्रज्ञ टिळक : प्रयोगशाळेतून खेड्याकडे

टिळक म्हटले की आपल्याला लोकमान्यच आठवतात. डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक हे रसायनशास्त्रातले. त्यांचा विषय आपल्या फवारणीच्या पंपात असतो, म्हणून शेतकरी बंधूंना त्यांची ओळख हवी.

१९१८ साली कारंजा गावी त्यांचा जन्म झाला. मुंबईला यूडीसीटीत शिकून ते ऑक्सफर्डला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे आणि नंतर अमेरिकेत हार्वर्डला वुडवर्ड यांच्याकडे गेले. या दोघांनाही पुढे नोबेल मिळाले. परत येऊन टिळकांनी मुंबईतच शिकविले. रंगांची रसायने आणि हेटरोसायक्लिक संयुगे हा त्यांचा अभ्यास.

नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. कार्बनचे अणू हातात हात धरून गोल कडे करतात. त्यात गंधकाचा किंवा नत्राचा अणू शिरला की झाले हेटरोसायक्लिक. टिळकांनी जास्त काम केले ते गंधकवाल्या कड्यांवर. तासगाव, मिरज भागात भुरीसाठी द्राक्षावर मारतात त्या हेक्झाकोनॅझोलमध्ये असेच एक कडे आहे, दोन कार्बन आणि तीन नत्रांचे. अमाईन ही अमोनियाची भावकी. उसातल्या रुंद पानाच्या तणावर वापरतात ते २,४-डी अमाईन सॉल्ट म्हणजे याचाच क्षार. एस्टरपेक्षा ते हवेत कमी उडते, पण वारा असला की तुषार शेजारच्या बागेत जातातच आणि द्राक्षाची पाने वेडीवाकडी होतात. तणनाशकाचा पंप बागेत वापरला तरी तेच. मग बांधावरून भांडणे! ही औषधे टिळकांनी शोधली असे मात्र नव्हे.

१९६३ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. १९६६ ते १९७८ ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. काचेच्या नळीत जमलेले काम कारखान्यात उतरले पाहिजे, यावर त्यांचा भर राहिला. १९७२ ला पद्मभूषण झाले.

मला त्यांचे पुढचे पाऊल जास्त मोठे वाटते. एवढा मोठा माणूस निवृत्तीनंतर एखाद्या कंपनीत सहज बसला असता. त्यांनी पुण्यात ग्रामीण विकासासाठी विज्ञान-तंत्रज्ञान वापरणारे केंद्र काढले आणि खेड्याच्या कामाला लागले. १९९९ साली ते गेले.