मूतखड्याच्या कळा सोसत इटली चाखणारा मोंतेन

मूतखड्याची कळ एकदा येऊन गेली की माणूस प्रवासाचं नावही काढत नाही. पण निबंध हा लेखनप्रकार जगाला देणारा फ्रेंच लेखक मिशेल द मोंतेन १५८० मध्ये हेच दुखणं घेऊन घोड्यावर बसला. वय होतं ४७. वडिलांनाही याच आजाराने छळलं होतं.

औषधी झरे शोधत तो इटलीत पोहोचला. पण गडी नुसतं पाणी पीत बसला नाही. जिथे जाईल तिथल्या पद्धतीने जेवायचं, हा त्याचा शिरस्ता. परदेशी पदार्थ शिकायला सोबत स्वयंपाकी आणला नाही, ही हळहळ त्याच्या डायरीत आहे. स्पोलेतो, उर्बिनो अशी डोंगरातली गावं त्याने पाहिली. उर्बिनोत ड्यूकचा महाल बघितला. लुकाजवळच्या झऱ्यांवर गावकऱ्यांसाठी नाच ठेवून बक्षिसं वाटली. वाइन कशी होती आणि खडे किती पडले, दोन्हीची नोंद केली.

१५८१ मध्ये तिथेच निरोप आला, बोर्दोचे महापौर म्हणून तुमची निवड झालीय. परतावं लागलं.

आजार शेवटपर्यंत सुटला नाही. १५९२ मध्ये तो गेला. डायरी मात्र त्याच्या वाड्यातल्या पेटीत पडून होती. ती १७७० मध्ये सापडली आणि खडे सोसत चाखलेली इटली जगाला कळली.