चकतीतून वीज मिळवणारे मायकेल फॅरेडे

विजेवर धावणाऱ्या वाहनांसाठी चपट्या चकतीच्या आकाराच्या मोटारीही तयार केल्या जातात. त्यांत चुंबकीय प्रवाह आसाला समांतर असतो. या रचनेचे मूळ थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांच्या प्रयोगात आढळते.

लोहाराचे पुत्र असलेल्या फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये झाला. शालेय शिक्षण जेमतेमच झाले. पुस्तकबांधणी शिकत असताना बांधणीसाठी आलेले ग्रंथ वाचून त्यांना विज्ञानाची गोडी लागली. सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची टिपणे त्यांनी डेव्ही यांनाच पाठवली आणि १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यकपद मिळवले.

१८२१ मध्ये चुंबकाभोवती वीजवाहक तार फिरती ठेवून त्यांनी मोटारीचे तत्त्व सिद्ध केले. मात्र विल्यम वोलास्टन यांची कल्पना उचलल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. डेव्ही यांचा विरोध असूनही १८२४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

१८३१ मध्ये चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून त्यांनी अखंड वीजप्रवाह मिळवला. चकतीतच घुमणाऱ्या प्रवाहांमुळे बरीच ऊर्जा वाया जात असे, परंतु जनित्राचा मार्ग खुला झाला.

सरदारकी नाकारणारे फॅरेडे २५ ऑगस्ट १८६७ रोजी निवर्तले.